पडलेले झेंडे कोणी उचलायचे

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "आण्णा, उभी हयात गावाच्या कचऱ्यात घालवलीत. चार गमतीजमती लिहा. दिवाळीला लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं."

मी हो म्हणालो. गमती आहेतच. आमच्याकडं एक माळकरी आप्पा होते. कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचे आणि भीमेच्या माशांचे काटे चार पिशव्यांत बांधून चार आळ्यांच्या कुंड्यांत टाकून यायचे. एका कंपनीतल्या साहेबांना दरवर्षी 'उत्कृष्ट अधिकारी' म्हणून ट्रॉफी मिळायची. ते ती दरवर्षी कचऱ्यात टाकायचे आणि त्यांची बायको दरवर्षी आमच्याकडून परत घेऊन जायची. कचरा उचलणाऱ्यापासून गावाचं काही लपत नाही, आणि आम्ही एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. धंद्याची रीतच आहे तशी. या लेखात मात्र ती रीत मोडणार आहे. कारण लिहायला बसलो आणि गमतीचं काही हाताला लागेना. राग तेवढा लागला. तो हलकाही नाही आणि फुलकाही नाही. संपादकांना नको असेल तर त्यांनी परत पाठवावा.

मी ग्रामपंचायतीचा आरोग्य मुकादम होतो. गाव शिरूर आणि दौंड यांच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं की शेजारची गावं म्हणतील, आमच्यात असलं होत नाही. मी पोरसवदा होतो तेव्हा हे उसाचं, कांद्याचं गाव होतं. मग जवळ कंपन्या आल्या, चाळी उठल्या, बिहार-ओडिशाची पोरं भाड्यानं राहायला आली, आणि पूर्वी चार खराट्यांत आवरणारं गाव घंटागाडीतही मावेना. मुकादम म्हणजे हजेरी घेणारा, कोणी कुठली आळी झाडायची ते सांगणारा आणि गटार तुंबलं की गावाच्या शिव्या खाणारा. त्याशिवाय पंचायतीत ज्या कामाला माणूस नेमलेला नसतो ते काम मुकादमाचं. झेंडा हे त्यातलंच एक काम.

पंधरा ऑगस्टला सरपंच दोरी ओढतात, फुलं सांडतात, टाळ्या पडतात. ते सगळ्यांना दिसतं. त्याआधी सकाळी झेंड्याची घडी घालून, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवून, दोरीला सुरगाठ मारावी लागते. गाठ अशी हवी की एका हिसक्यात सुटली पाहिजे. अडकली तर सरपंचांचं हसं होतं, आणि आपोआप सुटली तर मुकादमाची धडगत नसते. हे मला आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी शिकवलं. केशरी पट्टा वर, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण घाईत उलटा बांधलेला झेंडा मी या दोन तालुक्यांत डोळ्यांनी पाहिलाय.

चक्राची हकिगतही सरांनीच सांगितली. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या झेंड्यावर चरखा होता. देशाचा झेंडा ठरवायची वेळ आली तेव्हा चरख्याच्या जागी चक्र आलं. चरख्याला डावी-उजवी बाजू असते. वाऱ्यावर झेंडा फिरला की पलीकडं उभा असलेल्याला तो उलटा दिसणार. चक्र कुठूनही बघा, सारखंच. सर म्हणायचे, "इकडून बघणाऱ्याला एक आणि तिकडून बघणाऱ्याला दुसरं, असं झेंड्याचं चालत नाही."

हे चक्र सारनाथच्या दगडी खांबावरचं. त्याच खांबाच्या माथ्यावरचे सिंह म्हणजे आपली राजमुद्रा. सिंह चार आहेत. दिसतात तीन, चौथा पाठीमागं असतो. पायाशी मधोमध चक्र, एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला घोडा. आणि खाली 'सत्यमेव जयते' लिहिलेलं असलंच पाहिजे, त्याशिवाय ती मुद्रा पुरी होत नाही. ती कोणी वापरायची आणि कोणी नाही याचा कायदा आहे. आमच्या गावातल्या एका पुढाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावर हे सिंह होते. 'सत्यमेव जयते'च्या जागी मोबाइल नंबर होता. त्यांना पद कुठलंच नव्हतं. मी त्यांना इथं नुसतं दादा म्हणतो. असे दादा गावोगाव आहेत, ज्याला जो आठवेल तो त्यानं समजावा.

झेंडा काही जन्मभर टिकत नाही. उन्हानं केशरी रंग विटतो, वाऱ्यानं कडेचे धागे सुटतात. फाटका, मळका झेंडा लावायचा नसतो. तो फेकायचा नसतो आणि त्याचं फडकंही करायचं नसतं. अख्खाच्या अख्खा, लोकांच्या नजरेआड, मानानं नष्ट करायचा. जाळला तर उत्तम, असं नियमात आहे. आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. त्या भाऊसाहेबांनी पहिल्यांदा असा विटका झेंडा माझ्या हातात दिला, तेव्हा मी कौशल्याला हाक मारली.

कौशल्या माझ्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून पायी यायची. काम चोख आणि जीभ तिखट. मी तिला काय करायचं ते सांगितलं.

"जाळायचा?" ती म्हणाली. "आन् पाप?"

"नियमच हाय तसा."

"कुनी केला?"

"सरकारनं."

"सरकारला काय हुतंय? हात तर माझं लागनार."

तरी तिनं झेंडा घेतला. आधी हापशावर नेऊन धुतला, वाळत घातला. मी म्हणालो, जाळायचाच आहे तर धुतेस कशाला?

"मानूस मेल्यावर बी आंगूळ घालत्यात न्हवं?"

पाण्याच्या टाकीमागं, बाभळीच्या वाळक्या काटक्यांवर आम्ही तो ठेवला. खादी गुमान जळते. कापूसच तो. थोडी ज्वाळा, मग पांढरी राख. कौशल्यानं ती राख करंजाच्या बुंध्याशी ओतली आणि पदर डोक्यावर घेऊन क्षणभर उभी राहिली. पुढं जेव्हा जेव्हा पंचायतीचा, शाळेचा, विकास सोसायटीचा झेंडा जुना झाला तेव्हा तेव्हा ते काम तिचं. कुणी नेमलं नव्हतं. ती करायची म्हणून तिचं.

मग काही वर्षांपूर्वी घरोघरी झेंडा लावायची मोहीम आली. खरं सांगतो, मला ती वाईट वाटली नाही. ज्या चाळीत मतं मागायलाही कुणी फिरकत नाही, तिथं ओडिशाचा एक पोरगा पत्र्यावर चढून काठी बांधत होता. बायको खालून "सीधा करो, सीधा" म्हणून ओरडत होती. मला भरून आलं होतं. पण झेंडे आले ते गठ्ठ्यांनी. पूर्वी हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच झेंडा चालायचा. आता नियम बदलून मशीनवरचा, पॉलिस्टरचाही चालू लागला होता, म्हणून तर एवढे मिळाले. ठेकेदारानं पाठवलेल्या काही झेंड्यांवर चक्र मधोमध नव्हतं, काहींवर ते अंड्यासारखं लांबुळकं होतं. मी दोन-तीन झेंडे भाऊसाहेबांच्या टेबलावर पसरले.

"लांबनं कळत न्हाई, आण्णा," ते म्हणाले.

"बरं. आन् नंतर गोळा कोण करणार?"

"सूचना हायत की. घडी घालून ज्यानं त्यानं घरात जपून ठेवायचा."

"सूचना वाचल्यात कुनी?"

"तुम्ही वाचल्यात ना? झालं तर."

सोळा ऑगस्टपासून झेंडे पडायला लागले. गटारात, उकिरड्यावर, एसटी स्टँडच्या मुतारीमागं. एका गॅरेजमध्ये पोरगा झेंड्यानं ऑइल पुसत होता. कुणी मोटारसायकलच्या सीटला गुंडाळला होता, कुणी कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओला करून टाकला होता. आमचं गाव फुटक्या देवालाही घाबरतं. देवाची तसबीर फुटली तर कुणी ती कुंडीत टाकत नाही, हळूच पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतं. झेंड्याची तेवढीही भीती कुणाला वाटली नाही. पंधरा तारखेला ज्यानं छातीवर हात ठेवून फोटो काढला, त्याच हातानं सतरा तारखेला काठी मोडून चुलीत घातली आणि कापड उंबऱ्याबाहेर फेकलं.

ते सगळं कौशल्यानं आणि बाकीच्या बायांनी उचललं. कौशल्यानं खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन आणल्या होत्या. कचऱ्यात हात घालण्याआधी झेंडे वेचायचे, गोणीत घालायचे, गोणी गाडीच्या बाहेरच्या हुकाला अडकवायची. ओल्या कचऱ्याचा शिंतोडाही लागू द्यायचा नाही. त्या वर्षी आम्ही ते झेंडे टाकीमागं जाळायला घेतले, आणि कळलं की पॉलिस्टर जळत नाही, वितळतं. काळा धूर, डोळ्यांत पाणी, आणि खाली डांबरासारखा गोळा. केशरी कुठला, हिरवा कुठला, काही कळेना. राखच नाही तर करंजाला ओतायचं काय? कौशल्या खोकत खोकत खुरप्यानं तो गोळा खरवडत होती. "आण्णा," ती म्हणाली, "ह्याला मरन बी नीट येत न्हाई."

पुढच्या वर्षी झेंडे पुन्हा वाटले. आता मी ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितोय तो दिवस सांगतो.

पाऊस भुरभुरत होता. बाजारपेठेतच गोण्या भरल्या. हुकाला आणखी अडकवायला जागा राहिली नाही, म्हणून कौशल्यानं उरलेले झेंडे घडी करून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवले. ती जागा तिची होती. ती झेंड्यांना देऊन स्वतः गाडीमागं चालत निघाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण चौकात दादांच्या मागं फिरणाऱ्या एका पोरानं व्हिडिओ काढला तो मागून. त्यात घंटागाडी दिसते, कचरा दिसतो, बाजूच्या गोणीतून बाहेर आलेल्या काठ्या आणि झेंडे दिसतात, आणि मागं चालणारी कौशल्या दिसते. खाली लिहिलं होतं: तिरंग्याला कचरा समजणारी ही बाई कोण?

जेवणाच्या सुट्टीच्या आत पंचायतीसमोर माणसं जमली. दीडशे-दोनशे तरी असतील. त्यांतल्या निम्म्यांच्या दारातले झेंडे सकाळीच आमच्या गोणीत आले होते. दादा पांढऱ्या गाडीतून उतरले. समोर त्यांचाच फ्लेक्स लागला होता, स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छांचा. केशरी, पांढरा, हिरवा, आणि मधल्या पट्ट्यात चक्राच्या जागी दादांचा चेहरा. त्या फ्लेक्सखाली उभं राहून ते कौशल्याला म्हणाले, "ए बाई, इकडं ये. झेंड्याचा अपमान केलास?"

"म्या काय केलं? रस्त्यावरनं उचललं त्ये."

"कचऱ्याच्या गाडीत घातलास! आईला घालशील का कचऱ्याच्या गाडीत?"

कौशल्यानं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "आईला रस्त्यात कुनी टाकलं, त्ये इचारा की आदी."

आणि मग जे उसळलं! हिची जीभ बघा. हिला माज आलाय. हिची जात बघा. हे सगळं ज्यांनी म्हटलं त्यांची तोंडं मला पाठ आहेत. त्यांच्या घरी कुठली भाजी शिजते आणि कुठली बाटली फुटते तेही ठाऊक आहे. मी गर्दीत घुसलो. ओरडून सांगितलं, झेंडे उचलायला मी सांगितलं होतं, वेगळ्या धुतलेल्या गोणीत होते, नियमाप्रमाणं नष्ट करायला चालले होते. कुणीतरी मला मागं ढकललं. कुणीतरी ओरडलं, "नाक घासायला लावा!" आणि ते शब्द सगळ्यांना आवडले.

"मग माझंबी घासा," मी म्हणालो. "सांगणारा मी हाय."

दादा हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आण्णा, तुमचं काय मधी? तुम्ही घरचे."

मी घरचा. माझी भावकी गावात निम्मी. माझ्यावर हात टाकला असता तर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बैठकीला कोण बसलं असतं? मग कौशल्या कुणाच्या घरची? तीस वर्षं ती या गावाची घाण काढत होती. यांच्या पोरांचे लंगोट, यांच्या म्हाताऱ्यांच्या औषधांच्या बाटल्या, यांच्या लग्नांच्या पत्रावळी तिनं उचलल्या. ती घरची नव्हती.

भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले. "घासू द्या, आण्णा. मिटतंय तर मिटू द्या."

कौशल्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको म्हणालो. तिनं गर्दीकडं बघितलं आणि तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं. झेंड्याच्या ओट्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि ओल्या फरशीवर नाक टेकवलं. मोबाइलच मोबाइल वर झाले. "घास! नुसतं टेकवू नको, घास!" तिनं घासलं. उठली तेव्हा नाकाचं सालटं निघालं होतं. ती रडली नाही. खराटा घ्यायला वळली, तर एकानं तो आधीच पायानं लांब ढकलला होता.

झेंड्यांच्या गोण्या दादांच्या पोरांनी 'सन्मानानं' गाडीतून काढून ओट्यावर ठेवल्या. फोटो झाले. मग सगळे गेले. गोण्या तिथंच पावसात भिजत राहिल्या. त्या सन्मानाला पुढं बुरशी आली. शेवटी मीच त्या उचलून गोदामात ठेवल्या.

तक्रार पोलिसात गेली होती. ठाण्यातले साहेब माणूस बरा होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अपमान करायचा हेतू लागतो, आण्णा. इथं तर उलटंच आहे. गुन्हा होत नाही." मला वाटलं, झालं. पण पुढं म्हणाले, "तरी वातावरण गरम आहे. बाईंना थोडे दिवस कामावर ठेवू नका."

वातावरण ज्यांनी गरम केलं त्यांना थोडे दिवस घरी बसवा, असं कुणी म्हणालं नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी भाऊसाहेबांकडं गेलो. म्हणालो, काढलंय म्हणून लेखी द्या, म्हणजे वर दाद मागता येईल. त्यांनी ड्रॉवर उघडून पंचायतीचा गोल शिक्का काढला, हातात फिरवला आणि परत ठेवला. "कशाला, आण्णा? शिक्का मारला की जबाबदारी येती." राज्याची मुद्रा, मोहोर, शिक्का यांची थोरवी मी आयुष्यभर ऐकलीय. शिक्का म्हणजे राज्याचा शब्द. आमच्या राज्याला तिच्याबद्दल एक शब्दही द्यायचा नव्हता. कौशल्या न्हावरे गावाच्या अंगाला एका वखारीत कांदा निवडायला जाऊ लागली. तिचा तो व्हिडिओ अधूनमधून कुणीतरी ग्रुपवर पुन्हा टाकायचं. वखारीतल्या बायांनीही तो पाहिला होता. मी एकदा भेटायला गेलो, तर ती नाकावर पदर धरूनच बोलत होती. सालटं केव्हाच भरून आलं होतं.

वर्ष फिरलं. माझी नोकरी थोडीच राहिली होती. झेंडे आले, वाटले, फडकले, पडले. सोळा तारखेला हजेरी घेतली तेव्हा पुढं उभ्या असलेल्या सुमननं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "आण्णा, कचरा उचलू. झेंडा न्हाई."

"रस्त्यात पडलेत गं."

"पडूंद्यात. आमच्याकडं नाक येकच हाय."

मी त्यांच्यावर सक्ती केली नाही. तोंडच नव्हतं. झेंडे पडून राहिले. त्यांच्यावरून कंपनीच्या बस गेल्या, टँकर गेले, शेळ्या गेल्या. खराटा झेंड्यापाशी आला की वळसा घालून पुढं जायचा. गावाला पहिल्यांदा कळलं की एवढे झेंडे दरवर्षी कुठं जायचे.

दोन-तीन दिवसांनी दादांचा फोन. बडे पाहुणे आमच्या रस्त्यानं पुढं जाणार होते. "आण्णा, हे काय चाललंय? बायकांना सांगा की."

"त्या न्हाई म्हणत्यात."

"मग तुमची ती जुनी बाई? बोलवा तिला. कामावर घेऊ म्हणावं."

"दादा, तुम्हीच जाऊन सांगा तिला."

ते काही गेले नाहीत. त्यांनी दुसरी युक्ती काढली. सकाळी बाजारपेठेत दादा आणि त्यांची पोरं हजर. हातात मोजे, अंगात एकसारखे टी-शर्ट, सोबत कॅमेरावाला. दादा वाकले, चिखलातला एक झेंडा उचलला, कपाळाला लावला. "पुन्हा एकदा, दादा, ऊन आलंय," कॅमेरावाला म्हणाला. दादा पुन्हा वाकले. 'झेंड्याचा सन्मान, आमचा अभिमान' असं काहीतरी त्या रीलवर लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी ती पाहिली. एका पेपरात फोटोही आला.

रीलमध्ये जे नाही ते मी पाहिलं. कॅमेरावाला आवरून गेला, दादा गाडीत बसून गेले आणि पोरांकडं भरलेली पोती उरली. करायचं काय, त्यांना ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, "घंटागाडी हाय की." आणि त्यांनी ती पोती आमच्या गाडीत फेकली. हुकाला अडकवली नाहीत, सीटवर ठेवली नाहीत. मागं, ओल्या कचऱ्यात, चहाच्या कपांवर आणि कोंबडीच्या पिसांवर. एक पोतं फुटलं. एकानं वर चढून पायानं दाबून जागा केली.

मी समोरच्या हॉटेलाच्या पायरीवर होतो. मोबाइल काढला आणि सगळं टिपलं. मग मी आणि ड्रायव्हरनं पोती खाली उतरवली, झेंडे वेगळे केले आणि मी तसाच एसटी धरून वखारीवर गेलो.

कौशल्या कांद्याच्या ढिगापाशी बसली होती. मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं व्हिडिओ पाहिला. पाय देऊन दाबणारा पोरगा आला तेव्हा म्हणाली, "ह्योच. ह्यानंच माझा खराटा ढकलला हुता." मग पुन्हा पाहिला.

"टाकू का गं ग्रुपवर?" मी विचारलं.

"टाका. आत्ता टाका."

ज्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ फिरला होता त्याच ग्रुपवर मी तिच्यासमोर टाकला. खाली लिहिलं, हे झेंडे कचऱ्यात कोणी टाकले ते पाहा. माझं नावही लिहिलं. कौशल्यानं मालकाला सांगून सुट्टी घेतली, घरी गेली आणि मी वेगळे केलेले झेंडे गोदामात ठेवून पंचायतीत पोचलो तोवर ती येऊन ओट्याच्या पायरीवर बसलेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. केस विंचरलेले. नाकावर पदर नव्हता.

"इथं कशाला बसलीस?"

"बघू द्या की मला बी. त्येंचं नाक कसं दिसतंय त्ये."

मी तिच्याशेजारी बसलो. मोबाइल मध्ये ठेवला. दोघाचौघांनी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, 'आण्णा, चांगल्या कामात खोट काढू नये.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पोरं आहेत, चुकून झालं असेल.' मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. त्याला शुभेच्छा आल्या, एकामागून एक, फुलं, फुगे, हात जोडलेले. आमचा व्हिडिओ वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

"येतील की," कौशल्या म्हणाली. "माझ्या येळंला जेवायच्या आत आलते."

आम्ही बसून राहिलो. शाळा सुटली. दूध डेअरीवर रांग लागली, मोडली. कुणी कुणी आमच्याकडं बघून पुढं गेलं. भाऊसाहेब बाहेर आले, कार्यालयाला कुलूप लावलं. आम्ही अजून तिथंच आहोत हे बघून थबकले.

"कौशल्याबाई, कुणाची वाट बघताय?"

"गावाची," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी कुलूप एकदा ओढून बघितलं, गाडीला किक मारली आणि गेले.